आतून हाक

पडद्यावरची पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावली आणि पुन्हा तिथेच थांबली.

“थांबलं मेलं,” गोजरबाईने टेबलावरच्या फोनला सांगितलं.

“आई, शेवटच्या ओळीत काय दिसतंय?” फोनमधून सून संजीवनी विचारत होती.

“इंग्रजी दिसतंय. वाचता आलं असतं तर तुझे पाय कशाला धरले असते?”

पाय वगैरे कुणी धरले नव्हते. फोनसुद्धा संजीवनीनेच केला होता. पण गोजरबाईच्या घरात उपकार नेहमी गोजरबाईच करते.

चामटोलीतल्या तिच्या पडवीत आज चार वाजता वाडीवरच्या मुलींचा कॉम्प्युटरचा वर्ग सुरू व्हायचा होता. तसं तिने गावभर सांगून ठेवलं होतं. वाडीवरची रविना तर कालच येऊन खुर्चीत बसून बघून गेली होती. आणि उल्हासनगरहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याने सकाळीच मान टाकली. त्यात आता लिनक्स नावाची नवी सिस्टिम घालायची होती. पण घालताना जे चित्र दिसायला हवं, ते त्याला स्वतःच्या पडद्यावर काढता येईना. नुसती अक्षरं. उपाय एकच. ते चित्र दुसऱ्याच्या लॅपटॉपवर न्यायचं आणि तिथूनच बटणं दाबून काम उरकायचं. संजीवनीला ते येत होतं. तिची नोकरीच ती होती. पण संजीवनी कात्रपला राहत होती.

बदलापुरात, कात्रपच्या फ्लॅटमध्ये मुलगा संतोष आणि संजीवनी राहायला निघाले, तेव्हा गोजरबाई दारात उभी राहून सुनेला म्हणाली होती, “आता मी हाक मारल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही.” रागातलं बोलणं. दुसऱ्या दिवशी विरून गेलं असतं. पण संजीवनीने ते अक्षरशः पाळलं. गणपतीलासुद्धा संतोष एकटाच आला. आणि गोजरबाईने काही हाक मारली नाही. तिचा गळा हुकमाला चालतो, हाकेला अडतो.

“पुन्हा बघते हं, आई,” संजीवनी म्हणाली. तिच्या बोलण्याच्या मागे कुठेतरी कोंबडा आरवला.

गोजरबाई घटकाभर फोनकडे बघत राहिली. मग उठली.

“कुठे चाललात?”

“भात टाकायला. तुझ्या लिनक्सापायी घरात उपास घडायचा.”

तिने तांदूळ मापून घेतले. थांबली. आणखी दोन मुठी घातल्या. येता येता मागच्या दाराची कडी काढली आणि पुन्हा येऊन टेबलाशी बसली.

“आई, कळलं!” संजीवनी म्हणाली. “मी बाहेरून किती धडका मारल्या तरी तुमचं इंटरनेट मला आत घेणार नाही. अनोळखी माणसाला ते दारातूनच परत पाठवतं. आता उलटं करायचं. डब्यानेच आतून मला हाक मारायची. मी कान देऊन बसते.”

“म्हणजे तो बोलावणार, मग तू येणार?”

“हो. नाहीतर तो आत बसून राहील, मी बाहेर. दिवस जाईल.”

“मानी दिसतोय डबा.”

“घरचं वळण आहे, आई.”

गोजरबाईने पदराने तोंड पुसलं. हसू पुसायचं होतं. “सांग काय दाबायचं ते. जास्त बोलू नकोस.”

डबा बंद करून पुन्हा चालू केला. संजीवनी एकेक अक्षर सांगू लागली. दोन बोटं फाकवल्यासारखं. मग विळ्यासारखं, ते दोनदा. मग भाकरीसारखं गोल. मग फणी, दात उजवीकडे. गोजरबाईचं बोट बटणांवरून तांदूळ निवडल्यासारखं फिरत होतं. शेवटी संजीवनीच्या ऑफिसचा पत्ता, तो नुसता आकड्यांचा.

“आता मोठं बटण दाबा.”

दाबलं. अक्षरं धावली. या वेळी थांबली नाहीत.

“आली! आई, हाक आली! चित्र आलं!” संजीवनी किंचाळली. परसातल्या कोंबड्या फडफडत चारी दिशांना पांगल्या.

मग बराच वेळ संजीवनी तिकडून बटणं दाबत राहिली आणि गोजरबाई इकडे डब्यावर नजर ठेवून बसली, उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी. डबा एकदा विझला. पुन्हा पेटला. आणि पडदा आकाशासारखा निळा झाला. गोजरबाईने माऊस हलवला, तर बाणही हलला. तिने तो उगाचच चारदा गोल फिरवला.

“झालं, आई.” संजीवनीचा आवाज एकदम लहान झाला. “ठेवते मग फोन. मुलींना सांगा…”

“तूच सांग. आत ये.”

“अहो, कात्रपहून यायचं म्हणजे…”

“कात्रपच्या फ्लॅटात कोंबडे कधीपासून आरवायला लागले गं?”

मागचं दार करकरलं. लॅपटॉप छातीशी धरून संजीवनी उभी होती, केसात कोंबडीचं पीस. सकाळी संतोषकडून कळल्याबरोबर ती स्कूटी काढून आली होती, आणि हाक नव्हती म्हणून परसातल्या धुण्याच्या दगडावर बसली होती. पडवीतलं चित्र तिच्या ऑफिसपर्यंत गेलं होतं, आणि तिथून माघारी येऊन याच घराच्या भिंतीपलीकडे उतरलं होतं.

“कडी काढलेली होती,” संजीवनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती. “म्हणजे तुम्हाला मघाच कळलं होतं. मग तेव्हाच का नाही बोलावलंत?”

गोजरबाईने तिच्या केसातलं पीस काढून टाकलं.

“तेव्हा बोलावलं असतं तर दोघी रडत बसलो असतो,” ती म्हणाली. “आणि चारला मुली येतायत.”