गच्चीवरच्या पट्ट्या

खुब्याचं हाड मोडून आत्या दवाखान्यात पडली होती, तरी मृण्मयीच्या फोनवर आत्याची पट्टी हिरवीच दिसत होती. मनगटावरची ही पट्टी अंगाला लागलेलं ऊन मोजायची; ते पुरेसं असलं की फोनवर हिरवी दिसायची आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं की चिमटा काढायची. मृण्मयीनं उमेदीची सगळी वर्षं घालून ती बनवली होती आणि आत्याच्या गल्लीतल्या बायकांना देऊन तिचा प्रयोग चालवला होता.

"आत्या, रोज उन्हात बसत होतीस ना?"

"उन्हात बसून काळं कोण होणार? पट्टी ठेवते की गच्चीवर, कुरडयांशेजारी."

"अगं, पट्टीला हाडं असतात का?" मृण्मयी वैतागली. "आणि गल्लीतल्या बाकीच्या बायका?"

"सगळ्यांच्या पट्ट्या तिथंच. मीच सांगितलं त्यांना." आत्या कण्हत कुशीवर वळली. "म्हटलं, पोरीचा प्रयोग फसायला नको."