भगदाडाचा नकाशा

मावशींनी लाल लोकरीचं टोक नकाशावरच्या आपल्या घरात टाचणीने रोवलं आणि धागा थेट वस्तीच्या भिंतीतल्या भगदाडाकडे ओढला.

सभागृहातल्या टेबलावर सगळी वस्ती कागदावर पसरली होती. ज्याने त्याने आपल्या लोकरीने रोजची वाट दाखवायची, असं सर्वेक्षणाच्या ताईंनी सांगितलं होतं. वस्तीत पाच भाषा बोलल्या जात, आणि पाचही भाषांत शेजाऱ्यांबद्दल तक्रारी होत्या. लोकर मात्र सगळ्यांना कळली.

"त्या भगदाडातून कोणी सभ्य माणूस जात नाही," वस्तीच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले. सोमवारी ते बुजवायचं त्यांनी ठरवलं होतं. विटाही येऊन पडल्या होत्या. भिंतीपलीकडे मावशींची बहीण राहायची, आणि हमरस्त्याचा वळसा मावशींच्या गुडघ्याला या जन्मी झेपणारा नव्हता.

"इथून कुठे जाता, मावशी?" ताईंनी विचारलं.

"बहिणीकडे."

"रोज? कशासाठी?"

"भांडायला."

ताईंनी जरा विचार करून 'कौटुंबिक भेट' असं लिहिलं.

बेकरीवाल्याचा धागा भगदाडातूनच गेला. रात्रपाळीच्या नर्सचाही. गॅरेजवाल्याचा, आणि कोणाशीच न बोलणाऱ्या पेन्शनरांचासुद्धा. टाचणीला जागा उरेना.

"हे सगळे ठरवून आलेत," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात एका सुरकुतलेल्या हाताने पोपटी धागा ओढला. लोकांनी आधी धाग्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांच्या पोपटी स्वेटरकडे.

"आई? तू तर बागेत फिरायला जातेस ना?"

मावशी बघतच राहिल्या. बहिणीच्या खिडकीखाली रोज विणत बसणारी बाई ती हीच. मावशी तिला बहिरी समजत होत्या.

"बागेत काय आहे?" आई म्हणाली. "मी या दोघी बहिणींचं भांडण ऐकायला जाते. टीव्हीवर असं काही लागत नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू त्यावर समिती नेमली असतीस."

हसू फुटलं, आणि त्याला दुभाष्या लागला नाही.

अध्यक्षांनी सभा आटोपती घेतली. नकाशाची घडी घालायला गेले, तर भगदाडापाशी लोकरीचा एवढा मोठा गुंता झाला होता की घडी बसेना. त्यांनी तळहाताने दाबून पाहिलं, मग कोपराने. शेवटी नकाशा उघडाच सोडला.

"आणि विटा?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"पायरी करा त्यांची," आई म्हणाली. "तिथे पाय फार उचलावा लागतो."

अध्यक्ष खाकरले. "पायरी... मंजूर."

मावशी टेबलाचा आधार घेऊन उठल्या. आज गुडघा दुखायचं विसरला होता.

"निघते मी. उशीर झाला. ती बिचारी एकटीच भांडत बसली असेल."

"थांबा हो," अध्यक्षांची आई काठी चाचपडत म्हणाली. "माझ्याशिवाय सुरू करू नका."