पूर्ण एक मिनिट

सुईणबाईंनी लाकडी नळीचं रुंद तोंड पोटावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले. काही ऐकू येईना.

त्यांनी नळी दोन बोटं सरकवली. तरी काही नाही. नववा महिना लागलेली पोर पलंगावर छताकडे बघत पडली होती. "सकाळपासून जरा शांतच आहे हो, मावशी," ती म्हणाली. तिनं सहज म्हटलं, पण सुईणबाईंनी खाडकन डोळे उघडले.

बाळ गप्प होतं, की आपले कान? गेले दोन-तीन महिने सगळे लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत, अशी त्यांची तक्रार होती. दाराची घंटा बिघडली म्हणून त्यांनी ती बदलूनही घेतली होती. घंटा बिचारी ठणठणीत होती. आता 'सगळं छान आहे' म्हणून उठलं असतं, तर कुणी शंकाही घेतली नसती. चाळीस वर्षांचा तेवढा विश्वास गाठीशी होता. पण जीभ रेटेना.

"तुझे बाबा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

बाबा जिन्यात होते. माणूस घड्याळजी; जावई बोटीवर नोकरीला, म्हणून लेकीला सांभाळायला येऊन राहिलेला. सुईणबाई आल्या रे आल्या की हा पायात चपला सरकवून जिन्यात जाऊन उभा राहायचा. बाळंतपणात बापाचं काय काम, असं त्याचं म्हणणं.

"भाऊ, आत या. हात धुवा आणि इथे कान लावा."

"मी?" तो दारातच थबकला. "अहो बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"टिकटिक कळते ना? तेवढी पुरे. जे ऐकू येईल ते माझ्या तळहातावर बोटानं वाजवा."

लेकीनं पायांवरची चादर सारखी केली. तो अंग चोरून पलंगाशी बसला आणि त्यानं नळीला कान लावला. सुईणबाईंनी एका हातानं पोरीची नाडी धरली, दुसरा तळहात त्याच्यापुढे पसरला.

थोड्या वेळानं बोट वाजू लागलं. टक. टक. टक. सुईणबाईंच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच विरलं. मनगटातली नाडीही त्याच चालीनं चालली होती. हे ठोके आईचेच होते.

"हे नव्हे," त्या म्हणाल्या. त्यांनी पोट पुन्हा चाचपलं, बाळाची पाठ कुठे आहे ते बोटांनी शोधलं आणि नळी बेंबीच्या खाली डावीकडे नेली. देवाला इतक्या घाईनं त्यांनी आजवर कधी हाक मारली नव्हती.

मग बोट पुन्हा सुरू झालं. टकटक टकटक, नाडीच्या जवळजवळ दुप्पट. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी पूर्ण एक मिनिट मोजलं. एकशे चव्वेचाळीस.

"फार फास्ट चालतंय हो," घड्याळजी घाबरून म्हणाला.

"ते तसंच चालतं. तुम्ही दुरुस्त करायला जाऊ नका."

पोर हसली. सुईणबाईंना मात्र रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "पोरी, बाळ झकास आहे. पण मला ते ऐकू आलं नाही. कान गेले माझे. तुझं बाळंतपण एकटीनं करायचं म्हणून शब्द दिला होता, तो काही आता पाळता येत नाही. कोपऱ्यावरच्या नर्सताईंना सोबत घेऊ."

पोरीनं त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला. "घ्या की. पण बाळाला पहिले हात तुमचेच लागायला हवेत." आणि मावशींना नीट ऐकू यावं म्हणून तिनं तेच पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं.

"हळू बोल गं," नळीला चिकटलेला घड्याळजी डोळे न उघडता म्हणाला. "मिनिट अजून पूर्ण व्हायचंय."

भिंतीवर त्यानंच लावून दिलेल्या घड्याळात पाच मिनिटं होऊन गेली होती.