घरात पुरुष नाही

महिपतीची जुनी चप्पलही कुसुमनं पिशवीत कोंबली. शर्ट, दाढीचं सामान, हिवाळ्यातला स्वेटर त्यानं आधीच भरला होता.

"घरात पुरुषाचं काय बी दिसता कामा नये," तो म्हणाला. "नवऱ्यानं टाकलेल्या बाईलाच पेन्शन मिळती. कचेरीतल्या मॅडम घर बघून जाईस्तोवर मी लोणी काळभोरला ओळखीच्याकडं राहतो. फोन करू नको. फोनवरनं पकडत्यात."

कल्पना त्याचीच. पाण्याच्या टँकरवरून पडून त्याची कंबर धरली, तेव्हापासून कुसुम एकटीच धायरीतल्या सोसायट्यांत धुणीभांडी करून घर ओढत होती. साबणाच्या वडीवरसुद्धा सरकार कर घेतं, त्यातलं थोडं आपण परत घेतलं तर पाप कसलं, असं तो म्हणायचा. तिला ते पटलं होतं.

निघताना त्यानं वैष्णवीला जवळ घेतलं. "बाबा कुठं, असं कुणी विचारलं तर?"

"सोडून गेले," पोरगी पाठ म्हटल्यासारखं म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या कचेरीतून श्यामलामॅडम आल्या. खोलीवरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, "नवरा कधी गेला?"

"लई दिस झालं." कुसुमनं मान वर केली नाही.

"बाबा येतात का गं भेटायला?"

"सोडून गेले," वैष्णवी म्हणाली आणि खरोखरच रडू लागली.

"फोटो तरी असेल त्याचा?"

कुसुमनं मोबाइलमधला फोटो दाखवला. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"हा माणूस काल मला लोणी काळभोरला भेटला. तिकडचं कामही माझ्याकडेच आहे."

कुसुमनं हात जोडले. "चुकलं, मॅडम. त्यांनी टाकलं नाय आमाला. पेन्शनसाठी आमीच ठरवून... नको मला ती. आत्ता फोन करते, आजच्या आज येतील ते."

मॅडमनी मोबाइल तिच्या हातात परत ठेवला.

"तिकडं एका टाकलेल्या बाईची पेन्शन चालू होती," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी नवरा घरी परत आला, आता बंद करा म्हणाली. तिच्या घरी मला पाणी यानंच आणून दिलं."