भिवराचं दुखणं

म्हाळू घोंगडीवर पालथा पडला. भिवरानं त्याच्या कमरेला डावा पाय लावला, जरा दाबला, आणि आत कुठंतरी कट् झालं.

"वाजलं. बसलं हाड," म्हणत म्हाळू उठला. वाजलं म्हणजे बसलंच, असं काही नसतं. हे त्याला सांगायला जावं, तर तो केव्हाच बैलांना वैरण टाकायला निघाला होता.

भिवरा पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की कमरेतली उसण पळते, यावर सगळ्या मुलखाचा विश्वास. दुष्काळात सहकारी साखर कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली होती, आणि जनावरांमागं माणसंही तिथंच पाल ठोकून राहिली होती. भिवरा सासरहून, युसूफ वडगावहून, आईला भेटायला आली, तर आईच्या पालापुढं कंबर धरून माणसं उभी. कुणी वडीलधारं असलं की ती आधी त्याच्या पाया पडायची आणि मग पाय लावायची.

एकच कंबर तिला दाद देत नव्हती. आईची.

मंजुळाबाई एका अंगाला वाकूनच चालायची. भिवरा दर खेपेला पाय लावून बघायची. काही फरक पडायचा नाही. शेजारच्या पालातली रुक्मिणीबाई एकदा सहज बोलून गेली होती, "जिच्यापायी मोडली, तिच्याच पायानं कशी बसंल?" भिवराला ते नवीन नव्हतं. पायानं आली आणि आईची कंबर मोडून आली, हे आजीचं बोलणं ऐकतच ती वाढली होती. आई वाकली की अजूनही तिच्या मनात तेच यायचं. ही मोडतोड आपलीच, आणि ती आपल्याला निस्तरता येत नाही.

त्या दिवशी कारखान्यानं छावणीत मंडप घालून डॉक्टर बोलावले होते. मंजुळाबाई नको नको म्हणत असताना भिवरानं तिला तिथं नेलंच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, कधीपासून दुखतंय?"

"ही झाली तवापासून. पायाळू हाय ना," मंजुळाबाईनं लेकीकडं बोट केलं.

भिवरानं मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी मानेपासून माकडहाडापर्यंत बोटं दाबत नेली. वाकायला लावलं, पाय उचलायला लावला. मग विचारलं, "डोक्यावर ओझं वाहता का?"

"ऊसतोडीला जातो की. मोळ्या वाहून गाडी भरायची, दुसरं काय."

"कधीपासून?"

"लगीन झाल्यापासून."

"मग लेकीला कशाला बोल लावता? बाळंतपणाची कंबर इतकी वर्षं दुखत नाही. दवाखान्यात या, फोटो काढून बघू. माझ्या मते हे मोळ्यांचं दुखणं आहे. डोक्यावर ओझं बंद. आणि कुणाला लाथ-बिथ मारू देऊ नका पाठीत."

परत येताना मंजुळाबाईची कुरकुर चालली होती. "नुसती बोटं फिरवली. काय वाजलं न्हाई का काय न्हाई. असली कसली तपासणी?" मागं पावलं वाजेनात म्हणून तिनं वळून पाहिलं. भिवरा मागं गव्हाणीपाशी बसली होती आणि तोंडाला पदर लावून रडत होती.

मंजुळाबाई कंबर सावरत माघारी आली. "कशापायी रडायलीस गं?"

"मी न्हाई ना मोडली तुझी कंबर."

"तुला कोण म्हणलं मोडली म्हणून?"

"समदेच म्हणायचे. तू बी. आत्ता डाक्टरला काय सांगितलंस?"

 मंजुळाबाई हळूहळू, गव्हाणीला धरून लेकीशेजारी बसली. पलीकडं गाय उसाचे तुकडे चघळत होती. खाली सांडलेला एक तुकडा मंजुळाबाईनं तिच्यापुढं सारला.

"अगं येडे, मी कौतुकानं सांगायची," ती म्हणाली. "तुला तसं वाटत आसंल, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

तिनं लेकीचं तोंड आपल्या पदरानं पुसलं. भिवरा आता रडता रडता हसायला लागली होती. जन्मभराचं ओझं उतरलं होतं तिचं. हसू दाबून दबत नव्हतं. आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती तशीच बसून राहिली. मंजुळाबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"फडात मोळी उचलताना चमक निघाली की मला वाटायचं, भिवरी हाक मारायली," ती म्हणाली. "तू सासरी गेलीस. रातचं कंबर ठणकायला लागली की म्हणायची, हाय, लेक हाय संगं. हात लावून निजायची. लोक म्हणायचे, मंजुळा, एवढं सोसतीस कशी? मला काय सोसायचं होतं त्यात?"

भिवरानं डोकं उचललं. उठून आईला हात दिला. नेहमी तो हात झिडकारून एकटीच उठणारी मंजुळाबाई आज त्याला लोंबकळली, अर्धी उठली, आणि कळवळून पुन्हा खाली बसली.

"काय झालं गं, माय?"

"तुझं न्हाई, मोळीचं निघालं ना ते," मंजुळाबाई म्हणाली. "आता लई दुखायलंय."