डोक्यावरचा ससाणा

“खबरदार, कुणी शिंकलात तर!” पोस्टमास्तर दबक्या आवाजात ओरडले.

बाई बॅग घेऊन गच्चीच्या शेवटच्या पायरीवर धापा टाकत उभ्या होत्या. त्यांना शिंकायचं नव्हतं. नवऱ्याच्या हातात घराच्या किल्ल्या ठेवून त्यांना कायमचं बहिणीकडे जायचं होतं. खाली टॅक्सी थांबली होती. पण नवरा, म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर, स्टुलावर पुतळ्यासारखे बसले होते आणि त्यांच्या केसाळ टोपीवर एक जिवंत ससाणा बसला होता.

वसंत लागला की शिकारी पक्षी उत्तरेकडे परततात आणि गावातली हौशी मंडळी धान्याच्या गोदामाच्या गच्चीवर बसून ते मोजतात. गच्चीवर एक पांढरी रेघ मारलेली आहे. ती ओलांडून गेला तो पक्षी मोजायचा, बाकीचे सगळे उनाड. त्या रेघेवर निवृत्त पोस्टमास्तरांची सत्ता. आजचा ससाणा मात्र दमला होता की काय कोण जाणे, रेघेच्या चार हात अलीकडेच डॉक्टरांच्या टोपीवर उतरला आणि तिथेच रमला.

“मोजायचा का?” बेकरीवाल्या मावशींनी कुजबुजत विचारलं.

“मुळीच नाही. हे वाटेतलं टपाल आहे. पोचल्याशिवाय पोच नाही.”

“मग डॉक्टरांना स्टुलासकट उचलून पलीकडे ठेवू या.”

“म्हणजे उद्या डॉक्टरही स्थलांतरित म्हणून मोजावे लागतील!”

डॉक्टरांचे डोळे चष्म्याआडून इकडून तिकडे फिरले. बाकी काही हललं नाही. मान वळवायची नाही, तोंड उघडायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती.

“अहो, मी चालले,” बाई म्हणाल्या.

याचं उत्तर त्यांना पाठ होतं. ‘हो हो, नंतर बोलू.’ डॉक्टरांनी जन्मभर लोकांच्या तोंडात कापूस कोंबायचा आणि मग विचारायचं, ‘काय, मुलंबाळं मजेत ना?’ समोरचा बोलणार नाही याची इतकी सवय झाली होती, की घरीसुद्धा ते उत्तरासाठी थांबत नसत. बाई त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत राहिल्या. ते आलंच नाही.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच तावडीत सापडला होता. त्यांनी बॅग खाली ठेवली.

“माझी शिवणाची खोली या लोकांना सामान ठेवायला दिलीत. मला विचारलंत? मशीन उचलून बाल्कनीत टाकलंत. आणि त्या जागी काय आणून बसवलंत, तर पक्ष्यांना भुलवायचं प्लास्टिकचं घुबड! रोज सकाळी उठून मी घुबडाचं तोंड बघते.”

“वहिनी, जरा हळू,” पोस्टमास्तर काकुळतीला आले. “पक्षी बिथरेल.”

“बिथरू दे. मी इतकी वर्षं बिथरले नाही, त्याला काय धाड भरलीय? मशीनला गंज चढलाय, गंज! चाक फिरवलं तर मांजर ओरडल्यासारखं ओरडतं...”

तेवढ्यात ससाण्याने पंख पसरले. टोपीवरून अलगद उठला, रेघ ओलांडली आणि उत्तरेला निघून गेला. ‘एक!’ म्हणायला पोस्टमास्तरांनी आ वासला. बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की मावशींनी घाईघाईने त्यांच्या तोंडावर हात दाबला.

डॉक्टर तसेच ताठ बसून होते. जाड टोपीतून त्यांना काही कळलं नसावं. बाईंनी कळूही दिलं नाही. असा ऐकणारा कान पुन्हा कधी मिळणार होता?

पण मशीनचं बोलून संपलं होतं. पुढचं बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

“मागच्या वसंतात फोन आला. मी अनवाणी धावत आले इथे, खालच्या अंगणात. वर तोंड करून ओरडले, ‘अहो, आई गेली!’ तुम्ही दुर्बिणीतून डोळासुद्धा काढला नाहीत. विचारलंत, ‘कुठल्या दिशेला?’”

बाईंनी पोस्टमास्तरांकडे बोट केलं.

“मी म्हटलं, ‘वर!’ आणि या पोस्टमास्तरांनी ते लिहून घेतलं.”

मावशींचा हात गळून पडला. पोस्टमास्तर आपल्या बुटांकडे बघत होते.

“संध्याकाळी तुम्हाला कळलं, तुम्ही रडलातही. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा इथे येऊन बसलात. मला तिचा आवाज आठवेनासा झालाय हो. हाक आठवते, आवाज नाही. एवढंच मला कुणाला तरी सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं.”

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. बाईंनी पदराने डोळे कोरडे केले. चार लोकांत आपण हे सगळं बोललो, याची त्यांना आता लाज वाटायला लागली. त्यांनी बॅग उचलली.

“उठा,” त्या दमून म्हणाल्या. “तो केव्हाच उडून गेला.”

डॉक्टर उठले नाहीत. त्यांनी मान अजूनही हलवली नव्हती.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “तू मशीनच्या गंजाचं बोलत होतीस, तेव्हाच गेला. पुढे सांग.”