होमच्या जागी हाउस

हरिहरपंतांनी टाक तांबड्या शाईत बुडवला आणि मुलीच्या पत्रातल्या ‘होम’ या शब्दावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, ‘युअर हाउस’.

सिंधूने अकोल्याहून इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मला होमला यावंसं वाटतं. येऊ का?’ लग्न झाल्यापासून दोन वर्षं ती इंग्रजीतच लिहायची. तसा वडिलांचा दंडकच होता. अमरावतीच्या हायस्कुलात त्यांनी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. मुलीचं पत्र आलं की चुका दुरुस्त करून तिचा कागद ते तिलाच परत पाठवत. सोबत एखाद्या शब्दाची कुळकथा. इंग्रजीत घराला जेवढे म्हणून शब्द आहेत, त्यांची एक जाड वही त्यांनी भरत आणली होती. आषाढात सिंधूने लिहिलं होतं, ‘या घराला एकच विंडो आहे. मी दिवसभर तिच्यापाशी उभी असते.’ त्यावर त्यांनी पानभर मजकूर धाडला होता, की विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा.

आज तर त्यांना विशेष स्फुरण चढलं. समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘हाउस म्हणजे भिंती आणि छप्पर. होम म्हणजे माणूस जिथे वसतो ते. आपल्या क्षेम या शब्दाशी त्याचं दूरचं नातं असावं, असं काही पंडित मानतात. विवाहित स्त्रीचं होम पतीकडे. वडिलांना लिहिताना तुमच्या हाउसला, असं म्हणावं.’

‘येऊ का’चं उत्तर द्यायचं राहून गेलं. तेवढं वाक्य बिनचूक होतं.

“काय लिहिते सिंधू?” अनसूयाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

“छान लिहिते. एकच चूक.”

त्यानंतर पत्र आलं नाही. दसरा गेला. दिवाळीचं बोलावणं धाडलं, त्याचंही उत्तर नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी नवऱ्याची पिशवी भरून दारात ठेवली. “पत्रं पुरे झाली. जाऊन बघून या.”

अकोल्याला जावयाच्या दाराला कुलूप होतं. कमलाकांत कोर्टात कारकून. संध्याकाळशिवाय यायचा नाही. हरिहरपंत पायरीवर टेकले, तशी शेजारची पार्बताबाई हातातलं सूप घेऊनच बाहेर आली.

“कोन पाह्यजे जी?”

“मी सिंधूचा वडील. अमरावतीचा.”

तिने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. “आता आले? पोरगी तं गेली. दसऱ्याच्या आधीच.”

हरिहरपंत पायरीवरून उठले. “गेली म्हणजे?”

“जिती हाये, घाबरू नका. मूर्तिजापूरले हाये. पोरींच्या शाळेत मास्तरीन झाली.”

मग तिने सगळं सांगितलं. कमलाकांत रोज बायकोला आत कोंडून, बाहेरून कुलूप लावून कोर्टात जायचा. सिंधू खिडकीच्या गजांतून पत्र पार्बताबाईच्या हाती द्यायची, ती ते पेटीत टाकून यायची. उत्तरही पोस्टमन खिडकीतूनच द्यायचा. एखादं नवऱ्याच्या हाती लागलं तर धडगत नव्हती, म्हणून पोर आडून आडून लिहायची.

“तुमचं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी जेवली नाई,” पार्बताबाई म्हणाली. “म्या म्हटलं, मायबापाकडे काहून नाई जात वं? तं म्हने, विचारलं होतं मावशी. नाई म्हनाले.”

“मी नाही म्हटलं नव्हतं,” हरिहरपंत पुटपुटले.

“मले वाचता येत नाई जी. कागद लाल झाला होता, येवढं दिसलं. दुसऱ्या दिवशी म्याच कुलूप तोडलं. वरवंट्यानं.”

मूर्तिजापूरला शाळेमागच्या एका खोलीत सिंधू सापडली. वाळली होती, पण आवाज खणखणीत होता. तिने वाकून नमस्कार केला. स्टोव्ह पेटवून चहा केला. आईच्या गुडघ्याचं विचारलं. रागाचं एक अक्षर नाही. तेच त्यांना सोसेना.

“सिंधू, माझं चुकलं. चल, आपल्या घरी चल.” अकोल्यापासून गाडीत त्यांनी एवढंच घोकलं होतं.

तिने कप विसळले. फडक्यावर पालथे घातले.

“आईला पाठवून द्या, नाना. तिला वाटेल तितके दिवस राहू दे माझ्याकडे.” मग तिने खुंटीवरची त्यांची टोपी काढून त्यांच्या हातात दिली. “तुमची गाडी साडेपाचची आहे.”